दोन कॉन्ट्रा, आणि एकातलीच पानं हलतात

मिरजेत मामाच्या माळ्यावर बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात टीव्हीगेमच्या सात कॅसेट होत्या, त्यातली एक पिवळी, लेबल अर्धं उडालेलं, पण त्यावरचे ते दोन उघडेबंब गडी आणि बंदुका बघून लगेच ओळखलं की हा कॉन्ट्रा, पळत गोळ्या मारायचा गेम. माझ्याकडं कॉन्ट्रा आधीपासून होता, लहानपणीचा, तोही पिवळाच. तरी पण हा घेऊन सांगलीत गावभागातल्या टीव्ही रिपेअरवाल्या काकांकडं गेलो, कारण जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आता त्यांच्याकडंच चालू आहे. कॅसेट लावली, पहिली लेव्हल सुरू झाली, मी पळत गोळ्या मारत सुटलो आणि काका मागून म्हणाले, "अरे थांब की जरा, ती झाडं बघ, हलत्यात."

खरंच हलत होती. जंगलाची पानं वाऱ्यावर डोलावीत तशी. पुढं लेव्हल संपल्यावर एक नकाशा आला, मधेच छोटी छोटी दृश्यं आली, बर्फाच्या लेव्हलला चक्क बर्फ पडायला लागला. यातलं काहीच मी पंचवीस वर्षं खेळलेल्या माझ्या कॉन्ट्रात नव्हतं. रंग तोच, नाव तेच, आकार तोच, मग फरक कुठला? तो फरक कॅसेटच्या पोटातल्या हिरव्या पट्टीवर, म्हणजे बोर्डवर, असतोय आणि असे फरक शोधून जमवणं हा जगभर लोकांचा एक मोठा नाद आहे. हेच नीट समजावून सांगायचंय, कारण आपल्याकडच्या माळ्यांवर, ट्रंकांमध्ये अजून हजारो कॅसेट पडून असणार आणि लोक त्या भंगारात किलोवर घालतायत, ते बघून जीव तुटतो.

पहिला घोळ "कॅसेट" या शब्दानंच होतो. गाण्याच्या कॅसेटमध्ये नुसती पट्टी असते, गाणं तिच्यावर, वाजवायचं सगळं काम टेपरेकॉर्डरचं. गेमच्या कॅसेटचं तसं नाही. ही कॅसेट म्हणजे मशीनचाच एक तुकडा आहे, जो तुम्ही काढता-घालता. आपले ते आठ बिटवाले टीव्हीगेम, लिटल मास्टर म्हणा नाहीतर बाजारात मिळणारे बिननावाचे म्हणा, हे सगळे मुळात निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम मशीनच्या नकला. फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला आणि त्याच्या कॅसेटला ६० पाय असतात, म्हणजे मशीनच्या खाचेत जाणाऱ्या धातूच्या बारक्या पट्ट्या, एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला तीस. त्या साठ पायांतून मशीनच्या आतल्या मेन तारा सरळ बाहेर कॅसेटमध्ये येतात. म्हणजे प्रोसेसरच्या तारा, चित्र काढणाऱ्या चिपच्या तारा, आवाजाच्या सुद्धा. कॅसेट बनवणारा त्या तारांवर काय जोडेल ते त्याच्या हातात.

आता हे का लागतं ते सांगतो, हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

फॅमिकॉमच्या प्रोसेसरला कॅसेटमधला प्रोग्रॅम वाचायला ३२ केबीची जागा दिलेली आहे आणि चित्राच्या चिपला ८ केबीची. बास. दोन्ही मिळून ४०. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स बरोबर या ४० केबीत बसवलेला आहे, एवढा मोठा गेम, आज मोबाईलवरचा एक धूसर फोटो सुद्धा यापेक्षा मोठा असतो. पण नंतरचे गेम कितीतरी मोठे, सुपर मारिओ ब्रदर्स ३ तर ३८४ केबीचा. मग ३२ आणि ८ च्या जागेत ३८४ कसे घातले?

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, ज्यांनी बघितलीत त्यांना हे लगेच कळेल. पूर्वी हळदीचा व्यापारी मार्केट यार्डात गाळ्यावर बसायचा, गाळ्यात समजा बत्तीस पोतीच मावायची, बाकी माल हरिपुरात जमिनीखाली पेवात. गिऱ्हाईकानं मागितलं की व्यापारी हमालाला सांगायचा, अमुक नंबरच्या पेवातली पोती आण, आणि हमाल गाळ्यातली जुनी उचलून नवीन मांडायचा. गिऱ्हाईकाला गाळाच दिसायचा, पेव कधीच नाही. प्रोसेसर म्हणजे हे गिऱ्हाईक. त्याला ३२ केबीचा गाळा दिसतो आणि कॅसेटमध्ये एक जास्तीची चिप बसवलेली असते, ती म्हणजे हमाल. गेम त्या चिपला एक आकडा लिहून देतो आणि गाळ्यातला माल बदलतो, तो पण क्षणात, कारण प्रत्यक्षात काही हलत नाही, नुसतं कुठल्या पेवाचं तोंड गाळ्याला जोडायचं तेवढं बदलतं. या हमाल चिपला मॅपर म्हणतात. गाळ्यातली काही पोती मात्र बऱ्याचदा जागची हलवत नाहीत, कारण माल कसा बदलायचा त्याचा हिशोबच त्या पोत्यांत असतो, तोच उचलून नेला तर सगळंच ठप्प.

आणि इथूनच नाद सुरू होतो, कारण हमाल सगळ्यांचे सारखे नाहीत. सगळ्यात स्वस्त हमाल म्हणजे बाजारात मिळणाऱ्या दोन साध्या लॉजिक चिप, ७४१६१ आणि ७४३२, ज्या आजही दुकानात किरकोळ पैशाला मिळतात. या दोघींवर चालणाऱ्या बोर्डला यूएनरॉम म्हणतात. अमेरिकेतला कॉन्ट्रा १९८८ साली याच बोर्डवर आला. तिथं कॅसेट निन्टेन्डो स्वतः बनवून द्यायची, म्हणून कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीला आपली स्वतःची चिप तिथं घालता आली नाही. जपानमध्ये मात्र कोनामीनं कॉन्ट्रात आपली व्हीआरसी २ नावाची चिप घातली.

आता पानं. टीव्हीवरचं सगळं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या छोट्या फरशांनी बनतं, एक फरशी १६ बाइटची, म्हणजे ८ केबीत ५१२ फरशा. जंगलाचं झाड म्हणजे त्यातल्या पाच-दहा फरशाच सगळीकडं पुन्हा पुन्हा लावलेल्या. व्हीआरसी २ ती ८ केबीची जागा एक-एक केबीच्या आठ तुकड्यांत बदलू शकते. मग पानांच्या फरशा एका तुकड्यात ठेवायच्या, त्याच पानांची जरा कललेली चित्रं दुसऱ्या तुकड्यात, आणि थोड्या थोड्या वेळानं चिपला सांगायचं की हा काढ, तो लाव. एक-दोन आकडे लिहिले की पडद्यावरची सगळी झाडं एकदम कलतात, प्रोसेसरला जवळजवळ काही कामच नाही. यूएनरॉममध्ये चित्रं रॉममध्ये, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या चिपमध्ये, नसतातच, ८ केबीची कोरी रॅम असते आणि प्रोसेसरला एक-एक बाइट तिथं नेऊन टाकावा लागतो, तोही टीव्हीचा किरण खालून परत वर जातो तेवढ्या फटीत. जपान-अमेरिकेच्या टीव्हीवर ही फट सेकंदाला साठ वेळा येते आणि दर वेळी क्लॉकचे सुमारे २२७० ठोके मिळतात. एका बाइटला सात-आठ ठोके धरा, म्हणजे एका फटीत एक केबी सुद्धा उरकत नाही. अमेरिकन कॉन्ट्रातली झाडं गप्प उभी आहेत. माझा लहानपणीचा पिवळा त्या अमेरिकन गेमवरून काढलेला आणि मामाचा पिवळा जपानी गेमवरून, दोन्ही चोरीच्या नकला, पण एका नकलेत व्हीआरसी २ सारखी वागणारी चिप आहे आणि दुसरीत नाही.

हे कळल्यापासून मी लेबल बघायचं सोडून दिलं, आधी बोर्ड बघतो.

असली निन्टेन्डोच्या बोर्डवर नाव छापलेलं असतं, ते गाडीच्या नंबर प्लेटसारखं वाचायचं. एमएच १० दिसलं की सांगली, ११ दिसलं की सातारा, तसं एचव्हीसी दिसलं की जपानी फॅमिकॉमचा बोर्ड आणि एनईएस दिसलं की अमेरिका-युरोपकडचा, ज्याला ६० ऐवजी ७२ पाय असतात. त्यापुढं अक्षरं येतात. एस नं सुरू होणारा रॉम म्हणजे आत निन्टेन्डोची एमएमसी १ ही मॅपर चिप, टी म्हणजे एमएमसी ३, ई म्हणजे एमएमसी ५. एनरॉम म्हणजे हमालच नाही, साधा गाळा. साध्या लॉजिक चिपांवर बऱ्याचदा चार आकडे असतात, ८९३२ असं काहीतरी, म्हणजे १९८९ सालचा ३२ वा आठवडा. गेम १९८६ चा आणि आत १९८९ ची चिप दिसली तर एकतर ती नंतरची छपाई आहे नाहीतर कोणीतरी पोट फाडून बदललेलं आहे. कोनामीनं तर अजून एक केलं, व्हीआरसी २ आणि ४ या चिपांना येणाऱ्या दोन तारा वेगवेगळ्या बोर्डवर वेगवेगळ्या जागी जोडल्या. चिप तीच, पण एका बोर्डसाठी लिहिलेला गेम दुसऱ्या बोर्डवर घातला की कोलमडतो. बाहेरून बघून कोणाच्या बापाला कळणार नाही.

बाहेरून कळणारे फरक पण आहेत. इरेम कंपनीच्या सुरुवातीच्या फॅमिकॉम कॅसेटवर एक लाल दिवा असायचा, मशीन चालू केलं की कॅसेट पेटायची. फॅमिकॉमला स्वतःला पॉवरचा दिवाच नाही, त्यामुळं तो बारका लाल ठिपका बघून फार छान वाटतं. नंतर खर्चापायी काढून टाकला, म्हणून दिवावाल्या वेगळ्या आणि बिनदिव्याच्या वेगळ्या जमवतात. अमेरिकेत १९८५ ला मशीन आलं तेव्हाच्या जायरोमाइट गेमच्या काही कॅसेटमध्ये आत जपानी साठ पायांचा बोर्ड आणि त्याला ७२ करणारा अॅडॅप्टर असा जोड बसवलेला आहे. सुरुवातीच्या अमेरिकन कॅसेटना पाच स्क्रू असायचे, नंतर तीन झाले, त्यामुळं लोक पाच स्क्रूवाली जायरोमाइट हातात घेऊन वजन बघतात, जड लागली की डोळे चमकतात. मला हे एकदम आपल्या बाजारातलं वाटतं, कलिंगड टिचकी मारून घेतात तसं.

सगळ्यात जास्त मला भुरळ घालतो तो आवाज. असली फॅमिकॉममध्ये मशीनचा आवाज सरळ टीव्हीकडं जात नाही, आधी एका पायातून कॅसेटमध्ये येतो आणि शेजारच्या पायातून परत जातो, पाय नंबर ४५ आणि ४६. साध्या कॅसेटमध्ये या दोन पायांना जोडणारी नुसती तांब्याची रेघ असते. पण कोणी त्या रेघेच्या जागी स्वतःची आवाजाची चिप बसवली तर तिचा आवाज मशीनच्या आवाजात मिसळून बाहेर पडतो! मशीनचे स्वतःचे पाच आवाज, दोन चौकोनी लाटांचे, एक त्रिकोणी, एक खरखर आणि एक रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारा. कोनामीनं १९८९ च्या आकुमाजो देन्सेत्सु गेममध्ये व्हीआरसी ६ चिप घालून त्यात अजून तीन मिळवले. तोच गेम अमेरिकेत कॅसलव्हेनिया ३ म्हणून गेला, पण तिकडच्या मशीनमध्ये आवाज असा कॅसेटमधून फिरत नाही, म्हणून चिप बदलली आणि संगीत पाच आवाजांवर आणून बसवलं. दोन्ही पाठोपाठ ऐका, पहिल्याच लेव्हलला कळतंय. १९९१ च्या लाग्रांज पॉइंटमध्ये तर कीबोर्ड सिंथेसायझरसारखा एफएम आवाज काढणारी व्हीआरसी ७ आहे, आठ बिटच्या मशीनमधून तो आवाज येतो यावर विश्वास बसत नाही.

एकदा काकांकडं असली फॅमिकॉमवर एक जपानी कॅसेट लावली तर चित्र झकास, आवाज शून्य. मी टीव्हीच्या मागं लागलो होतो, त्यांनी कॅसेट काढली, भिंगातून पाय बघितले आणि मधल्या दोनच पायांवर काळपट थर आहे म्हणाले. शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवला आणि आवाज आला. ते दोन पाय म्हणजेच ४५ आणि ४६.

बाकीच्या मशीनमध्येही गमती आहेत, भरभर सांगतो. सेगाच्या सोळा बिटसाठी कोडमास्टर्सची जे-कार्ट आली, कॅसेटवरच दोन जास्तीचे रिमोट लावायची भोकं. सुपर निन्टेन्डोच्या १९९३ च्या स्टार फॉक्समध्ये कॅसेटच्या आत सुपर एफएक्स नावाचा अख्खा वेगळा प्रोसेसर. गेमबॉय अॅडव्हान्सच्या २००३ च्या बोकताईवर उन्हाचा सेन्सर, गेम जिंकायला खरोखर उन्हात जावं लागतं. आणि १९९० च्या निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्सची कॅसेट, ९० राखाडी आणि २६ सोनेरी एवढ्याच बनवल्या, राखाडीच्या पुढच्या बाजूला डिप स्विच, म्हणजे बारके खटके, दिसतात, त्यांनी स्पर्धेची वेळ ठरवायची, ६ मिनिटं २१ सेकंद. ही कोट्यधीशांची वस्तू आहे. मला माझ्या मिरजेच्या डब्यात जास्त रस आहे.

आपल्या कॅसेट उघडल्या की बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. आत चिपच दिसत नाही, मोकळ्या पट्टीवर एक-दोन काळे थेंब, डांबराचा ठिपका पडल्यासारखे. परदेशी संग्राहक पूर्वी हे बघून नाक मुरडायचे. पण त्या थेंबाखालीच चिप आहे. चिपला काळ्या प्लॅस्टिकची पेटी आणि चंदेरी पाय लावायचा खर्च वाचवला, सिलिकॉनचा नागडा तुकडा सरळ बोर्डला चिकटवला, केसासारख्या बारीक तारांनी जोडला आणि वरून इपॉक्सी ओतलं. कोणी ओतलं, कुठं ओतलं, काही लिहिलेलं नसतं, म्हणून इथं बोर्ड वाचायला जास्त कस लागतो.

यातली खरी मजा "इतके इन वन" कॅसेटमध्ये आहे. ९९९९९९ इन वन लावली की मेनू संपतच नाही, पण खरे गेम मोजकेच, बाकी तेच मारिओ, कधी तिसऱ्या जगापासून सुरू, कधी आणखी कुठून. त्याच डब्यात दोन मल्टी कॅसेट होत्या, लेबलवर आकडे वेगळे, मेनू वेगळे. दोन्ही काकांच्या टेबलावर उघडल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. बोर्ड अगदी तोच, थेंब तिथंच, रेघान् रेघ सारखी. मग काकांनी टेबललॅम्प तिरका केला आणि कोपऱ्यात बोट दाखवलं, तांब्याच्या चार बारक्या जोड्या होत्या, एका बोर्डवर सगळ्या उघड्या, दुसऱ्यावर एका जोडीवर शिसाचा डाग. एवढाच फरक. चालू करताना मॅपर त्या जोड्या बघतो आणि त्याप्रमाणं मेनू उघडतो, म्हणजे कारखान्यात एकच माल बनवायचा आणि सोल्डरच्या एका थेंबानं त्याच्या दोन-चार वेगवेगळ्या कॅसेट करून विकायच्या. काकांनी उघड्या जोडीवर चिमटा टेकवून मशीन चालू केलं आणि पहिल्या कॅसेटमधून दुसरीचा मेनू निघाला. मी खुर्चीतून उठलोच. पुढं दुसरी जोडी टेकवली तर तिसराच मेनू, जो दोन्हीपैकी कुठल्याच लेबलवर नव्हता, तीस वर्षं त्या कॅसेटच्या पोटात होता आणि कोणी बघितलाच नव्हता.

म्हणून सांगतो, कॅसेट फेकू नका आणि घाईनं उघडू पण नका. असली फॅमिकॉमच्या बहुतेक कॅसेटना स्क्रू नसतो, आत प्लॅस्टिकच्या खिट्या असतात, स्क्रूड्रायव्हर घालून पिळलं की मोडल्याच. जुनं सिमकार्डचं प्लॅस्टिक किंवा गिटारची पिक कडेनं सरकवत जायचं. आपल्याकडच्या काहींना लेबलखाली स्क्रू असतो, तिथं लेबल फाडायच्या आधी बोटानं दाबून खड्डा लागतोय का बघा. आत चिपवर गोल काचेची खिडकी आणि तिच्यावर स्टिकर दिसला तर तो स्टिकर अजिबात काढू नका, ती इप्रॉम असते, अल्ट्राव्हायोलेट प्रकाशानं पुसली जाते. छापील मास्क रॉमचं तसं नाही, तिच्यातला डेटा चिप बनतानाच कोरलेला असतो.

कॅसेट किती टिकतात याचा अनुभव सांगलीच्या २०१९ च्या पुरात आला. हरभट रोडजवळ मित्राचं घर तळमजल्यावर, कृष्णेचं पाणी कितीतरी दिवस आत, ट्रंकेतल्या कॅसेट गाळानं भरलेल्या. त्याची आई म्हणाली, "अरे बाळा, आता काय राहिलंय त्यात, टाकून द्या." आम्ही सगळ्या उघडल्या, आधी साध्या पाण्यानं गाळ काढला, मग डिस्टिल्ड वॉटर, मऊ टूथब्रश, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि सावलीत पंख्याखाली तीन दिवस. काळ्या थेंबवाल्या जवळजवळ सगळ्या चालू झाल्या, इपॉक्सीनं आत पाणी शिरू दिलं नाही. गेली ती एक असली अमेरिकन कॅसेट, झेल्डा गेमची, जिच्यात गेम सेव्ह ठेवायला बटण सेल असतो. सेलमुळं ओल्या बोर्डवर सतत करंट, तांब्याच्या दोन रेघा खाऊन टाकल्या होत्या. म्हणून पाण्यात गेलेली कॅसेट असेल तर पहिल्यांदा सेल काढा. त्यातला सेव्ह जाईल, जाऊ दे.

फुंकर मारायची सवय पण सोडा. तोंडातला ओलावा पायांवर बसतो आणि तेच पुढं हिरवे पडतात.

आता माझ्याकडं प्रत्येक कॅसेटबरोबर एक कार्ड असतं. बोर्डचे दोन्ही बाजूंनी फोटो, एक तिरक्या उजेडात म्हणजे सोल्डरचे डाग दिसतात, बोर्डवरची छापील अक्षरं जशीच्या तशी, थेंब किती, जोड्या किती आणि कुठली भरलेली, कुठून मिळाली, कोणाची होती. मामाच्या पिवळ्या कॉन्ट्राच्या कार्डावर काकांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, "पानं हलतात, बर्फ पडतो."